फडताळाच्या रंगाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर यावयाचे ते एखाद्या राजवटीचा, एखाद्या लढाईचा, निदान एखाद्या संतकवीचा विषय घेऊन, असा आपल्याकडे रिवाज आहे. आम्ही मात्र आज स्वयंपाकघरातील फडताळ घेऊन आलो आहोत. आणि तेही आतील डबे-बरण्यांसाठी नव्हे, तर त्याच्या दारांवर बसलेल्या रंगासाठी. यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या रंगाच्या थरांत दोन हजार वर्षांचे ज्ञान आणि जवळजवळ तितक्याच वर्षांचा निष्काळजीपणा एकावर एक बसलेला आहे. ज्ञान असूनही माणसे कशी वागतात हे पाहावयाचे असेल, तर फडताळाइतका चांगला ग्रंथ दुसरा नाही.

हा ग्रंथ आम्ही उघडला तो अगदी अजाणता. आमच्या घरी भिंतीत बसविलेले जुने लाकडी फडताळ आहे. दिवाळीपूर्वी ते नव्याने रंगवून घ्यावे असे ठरले. रंगाऱ्याने पहिले दार कोरड्या पॉलिशपेपरने घासावयास घेतले, तेव्हा वरच्या निळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली पिवळट आणि सर्वांत खाली, लाकडाला घट्ट धरून बसलेला, जड असा पांढरा. घरातील वडीलधाऱ्यांना मोठी गंमत वाटली. हा हिरवा अमक्याच्या मुंजीतला, हा पिवळा तमकीच्या लग्नातला, असा हिशेब सुरू झाला. खाली फरशीवर रंगीत भुकटीचा सडा पडला होता आणि आमची वर्षाची नात त्यातूनच रांगत होती. तेव्हा आम्हां कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते दुसऱ्यांच्या चुकांविषयी आहे असा समज होऊ नये.

आता लाकडापासूनच आरंभ करू. आपल्या जुन्या वाड्यांतून सागवानाला रंग देण्याची चाल फारशी नव्हती. सागाच्या अंगी मुळातच तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. अशा लाकडाला वर्षा-दोन वर्षांनी तेलाचे बोट पुसले की झाले. तेलही कोणतेही चालत नाही. गोडे तेल लावले तर ते चिकट राहते व धूळ धरते. जवसाचे तेल मात्र सुकते. सुकते म्हणजे पाण्यासारखे उडून जाते असे नव्हे. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे एक पातळ, चिवट कातडे तयार होते. जगातील बहुतेक जुना तेलरंग या एका गुणावर उभा आहे. या गुणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: प्राणवायू शोषताना तेल तापते. म्हणून जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

रंगविलेले लाकूड आपल्याला ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. सावंतवाडीच्या आणि गोव्यातील कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी लाखेचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, खेळणी यांवर त्यांचा हात फिरत असे. त्यांच्या आणि इतर जुन्या कारागिरांच्या रंगपेटीत कोणती द्रव्ये होती? गेरू व काव ही मातीची, ती निरुपद्रवी. हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाच्या कुळातला आणि शेंदूर शिशाचा. मारुतीच्या अंगावर तेलात खलून आपण जो शेंदूर चढवितो, तोच मुळात शिशाचा तांबडा भस्म होय. आणि लोखंडी पुलांना व गजांना गंज चढू नये म्हणून पहिला तांबडा हात ज्याचा देत असत, तोही हाच. मारुतीला त्याने बाधत नाही. माणसाची गोष्ट निराळी.

शेंदराचे पांढरे भावंड म्हणजे सफेता. आमच्या फडताळावरचा सर्वांत खालचा थर, त्याच्या वजनावरून व वयावरून, याच सफेत्याचा असावा. त्याची कुळकथा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने तो करण्याची कृती नोंदविली आहे: शिसे व्हिनेगारच्या म्हणजे शिर्क्याच्या सान्निध्यात ठेवावे, त्यावर जो पांढरा थर धरतो तो खरवडून घ्यावा. पुढे हॉलंडात या कृतीचा मोठा धंदा झाला. मातीच्या मडक्यांत तळाशी शिर्का, वर शिशाच्या गुंडाळ्या. अशी शेकडो मडकी घोड्याच्या लिदीत किंवा कातडी कमावण्याच्या सालीत पुरून, त्यांचे मजल्यावर मजले रचावयाचे आणि सुमारे तीन महिने तसेच ठेवावयाचे. लीद कुजताना ऊब देते आणि कर्बवायूही देते. शिर्क्याच्या वाफेने शिशाला चावा घेतला, कर्बवायूने त्याचे पांढरे केले, की सफेता तयार.

हा सफेता इतका लोकप्रिय का झाला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जवसाच्या तेलात तो खलला की तेल लवकर सुकते. त्याचा थर लवचिक असतो. लाकूड पावसाळ्यात फुगले आणि उन्हाळ्यात आटले तरी तो त्याच्याबरोबर ताणतो व आखडतो, फुटत नाही. एका हातात तो खालचा डाग झाकतो. पन्नास वर्षांनीही लाकडाला धरून राहतो. आमच्या रंगाऱ्याचे मनगट त्या शेवटच्या थराशी येऊन थांबले, ते उगाच नव्हे. वाईट वस्तू जगात टिकतात त्या केवळ वाईटपणावर टिकत नाहीत. त्यांच्या अंगी काही खरे गुण असतात, आणि म्हणूनच त्यांना घालविणे कठीण जाते.

मग यातील दोष माणसाला केव्हा कळला? येथेच या इतिहासाची खरी गोम आहे. दोष कळला तो जवळजवळ गुणांबरोबरच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात निकँडर या ग्रीक कवीने विषांवर काव्य लिहिले, त्यात सफेत्याच्या विषबाधेचे वर्णन आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रूव्हिअस याने पाण्याला शिशाचे नळ नकोत, मातीचे बरे, असे बजावले. आणि कारण देताना म्हटले की शिशापासून सफेता होतो व तो शरीरास अपायकारक समजला जातो. शिशाचे काम करणाऱ्यांचे फिकट चेहरे पाहा. इ. स. १७०० मध्ये इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात चिताऱ्यांच्या दुखण्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. पोटात पिळवटून येणारा शूळ आणि मनगटातून लुळा पडणारा हात ही रंगाऱ्यांच्या धंद्याची खूण युरोपात घरोघर ठाऊक होती. बेंजामिन फ्रँकलिन याने १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शिशाच्या या उपद्रवाची उदाहरणे दिली आणि शेवटी, एखादे उपयुक्त सत्य ठाऊक होऊनही ते लोकांच्या आचरणात येण्यास किती काळ जावा लागतो याविषयी खेद व्यक्त केला. त्या पत्राला आता दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

या कथेत एक माणूस मात्र असा भेटतो की, ज्याला दोष कळला व ज्याने त्याप्रमाणे वर्तनही केले. पॅरिसमध्ये लक्लेर नावाचा रंगकामाचा कंत्राटदार होता. आपले कामगार सफेत्याने आजारी पडतात हे पाहून त्याने १८४० च्या दशकात शिशाऐवजी जस्ताचा पांढरा रंग वापरावयास आरंभ केला. हाच लक्लेर १८४२ पासून कामगारांना नफ्यात वाटा देणारा म्हणूनही अर्थशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी केल्या, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. कामगार हा आपल्यासारखाच माणूस आहे हे एकदा मनाने घेतले की, त्याच्या पगाराचा आणि त्याच्या पोटशुळाचा विचार वेगवेगळा राहत नाही. जस्ताचा पांढरा रंग विषारी नव्हता. पण तेलात तो कालांतराने ठिसूळ होई, आणि झाकतही असे कमी. म्हणून बाजाराने सफेताच पसंत केला.

येथवर जी गोष्ट झाली ती कामगारांची. रंग देणाऱ्याला बाधतो, पण रंग एकदा वाळला की घरात राहणाऱ्याला त्याचे काय, अशी समजूत होती. ती मोडली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात. तेथील डॉक्टर टर्नर व डॉक्टर गिब्सन यांच्याकडे १८९० नंतरच्या वर्षांत अशी मुले येऊ लागली की ज्यांचे हातपाय लुळे पडत, डोळ्यांच्या नसा बिघडत. लक्षणे शिशाच्या विषबाधेची; पण ही मुले काही रंगारी नव्हती. मग शिसे येते कोठून? पाण्याच्या टाक्या पाहिल्या, खेळणी पाहिली. अखेर १९०४ साली गिब्सनने बोट ठेवले ते घराच्या लाकडी कठड्यांवर. क्वीन्सलँडची घरे लाकडी, पुढे मोठा व्हरांडा, त्याला सफेत्याने रंगविलेला कठडा. कडक उन्हाने त्या रंगाची भुकटी होई. मुले कठड्याला धरून खेळत, हाताला भुकटी लागे आणि नखे खाण्याच्या किंवा अंगठा चोखण्याच्या सवयीने ती पोटात जाई. क्वीन्सलँडात १९२२ साली मुलांच्या हाताला लागेल अशा जागी शिशाचा रंग देण्यास कायद्याने मनाई झाली. गिब्सनच्या निष्कर्षानंतर अठरा वर्षांनी! तरीही जगाच्या मानाने हे फारच लवकर म्हटले पाहिजे.

कारण बाकीच्या जगाची चाल याहून मंद होती. फ्रान्सने १९०९ साली सफेत्याविरुद्ध कायदा केला. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनीव्हा येथे इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरू नये असा करार पुढे ठेवला. परंतु तो करार प्रामुख्याने रंगाऱ्यांचा विचार करणारा होता, आणि सर्व राष्ट्रांनी तो मानला असेही नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने घराच्या आतील भागापुरती बंदी १९५१ साली घातली; साऱ्या देशात घरगुती रंगांवर बंदी आली ती १९७८ साली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने एक साधी पण विलक्षण तपासणी प्रसिद्ध केली. बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्याने गोळा केले व त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत व वर्गातील लक्षात मागे. आणि यांपैकी कोणालाही उघड आजार म्हणून झालेला नव्हता. शिसे शरीरात चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या वाटेने शिरते, हाडांत व दातांत वर्षानुवर्षे घर करते आणि वाढत्या मेंदूला पोखरते. शरीरात त्याचे काहीही उपयुक्त काम नाही. त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ठरविता आलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आज स्पष्ट मत आहे.

आता आपल्या घराकडे वळू. तयार तेलरंगाचा डबा हिंदुस्थानात प्रथम विलायतेतून आला. १९०२ साली कलकत्त्याजवळ हावड्यास शालीमार हा रंगाचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली, तेव्हा १९४२ साली मुंबईत गिरगावातील एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्या रंगासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू काढला, आणि रंग ही राजवाड्यांची व सरकारी कचेऱ्यांची चीज न राहता मध्यमवर्गीय घराची चीज झाली. सागवान परवडेनासे झाले. आंब्याच्या, देवदाराच्या फळ्यांची कपाटे, मांडण्या, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेली जाळीची कपाटे घरोघर आली. हलके लाकूड झाकण्यास रंगासारखा मित्र नाही. धुराने व फोडणीच्या वाफेने काळवंडलेले स्वयंपाकघर रंगाच्या दोन हातांनी उजळते, हा आनंद आम्ही कमी लेखीत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पांढऱ्या सफेत्याची जागा पुढे टायटॅनियमच्या पांढऱ्या रंगाने घेतली. तो १९१६ च्या सुमारास नॉर्वेत व अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर निघू लागला, आणि आपल्या देशात १९४६ साली स्थापन झालेल्या त्रावणकोरच्या कारखान्याने तो करावयास घेतला. ज्या काळ्या वाळूपासून तो होतो ती केरळात मुबलक आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. तो विषारी नाही. तेव्हा पांढऱ्यातील शिसे गेले. परंतु रंगीतातील राहिले. चमकदार पिवळा रंग शिशाच्या क्रोमेटचा. त्यात निळा मिसळला की दारा-खिडक्यांचा तो परिचित हिरवा. शिवाय तेल लवकर सुकावे म्हणूनही शिशाचे क्षार घालीत. म्हणजे आमच्या फडताळावर तळाचा पांढरा तेवढा संशयास्पद आणि वरचा हिरवा-पिवळा निर्दोष, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या देशात पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले. घरगुती रंगांना मात्र सक्तीची मर्यादा घालणारे नियम निघाले ते २०१६ साली, व १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये, म्हणजे एका किलोत ९० मिलिग्रॅम, असा तो नियम आहे. आता तुलना पाहा. जुन्या सफेत्याच्या वाळलेल्या थरात वजनाने निम्म्यापर्यंत शिसे असू शके. म्हणजे दशलक्षात पाच लाख भाग. कोठे नव्वद आणि कोठे पाच लाख! आणि नवा नियम नव्या डब्याला लागू आहे. आपल्या आजोबांनी दिलेल्या हाताला तो लागू होत नाही. तो हात फडताळावर आहे तसाच आहे.

आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी आमची ती रंगीत फरशी पाहिली आणि पहिला प्रश्न केला तो नातीविषयी. तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. आकडा काळजीचा निघाला नाही, हे आमचे दैव. ती आमची अक्कल नव्हे. त्याच वेळी मनात आले की, नातीची तपासणी आम्ही केली. त्या रंगाऱ्याची कोणी केली? तो गेली तीस वर्षे अशीच दारे कोरडी घाशीत आला आहे, त्याच धुळीच्या हाताने दुपारची भाकरी खात आला आहे, आणि तेच कपडे घालून संध्याकाळी आपल्या मुलाबाळांत जात आला आहे. रंगारी हा शब्द मुळात कापड रंगविणाऱ्याचा. घर रंगविणाऱ्याने तो पुढे घेतला. पण नाव कोणतेही असो, रामाझ्झिनीच्या प्रकरणातला कारागीर तो हाच.

मग करावयाचे काय? फडताळे उपटून टाकावयाची काय? मुळीच नाही. धड, न सुटलेला थर आपल्या जागी बसला असेल तर तो कोणाचे काही करीत नाही. अपाय होतो तो धुळीचा व कपच्यांचा. म्हणून घर जुने असेल तर पहिला नियम असा की, कोरडे घासावयाचे नाही. दार साबण-सोड्याच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा घालवावा; स्वयंपाकघरातील रंग पुढे पापुद्रे धरतो तो बहुधा या खालच्या तेलकटपणामुळेच. मग पाणकागदाने, म्हणजे ओल्या घासण्याच्या काचकागदाने, पाणी मारीत फक्त धार मोडेपर्यंत घासावे, लांबी भरावी, अस्तराचा हात द्यावा आणि वर डब्यावर शिशाविषयी खुलासा असलेल्या नव्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. जुना रंग दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नये. त्याची वाफ धुळीपेक्षाही वाईट. खाली कापड अंथरावे, केरसुणी न फिरविता ओल्या फडक्याने पुसावे. डबे, पिठे, पाणी आधी दुसऱ्या खोलीत न्यावे. मुले व गरोदर बाई त्या दिवसांत त्या खोलीत नसावीत. शक्य तर घरातच नसावीत. रंगाऱ्याला नाकातोंडावर बसणारा चांगला मुखवटा आणि जेवणापूर्वी हात धुण्यास साबण आपण द्यावा, तो मागेल म्हणून थांबू नये.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडेच सांगावी लागेल. जुने रंगविलेले दार, मोडका पाट, फुटकी चौकट आपण बंबात घालतो किंवा होळीत टाकतो. लाकूड जळते, शिसे जळत नाही. काही धुरात जाते, बाकीचे राखेत उरते. आणि त्याच राखेने भांडी घासण्याची आपली जुनी चाल. कल्हईत शिशाची भेसळ नको म्हणून कल्हईवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या आपल्या आज्या शहाण्या होत्या. त्यांचे ते शहाणपण राखेपर्यंत नेण्याचे काम आपले आहे.

आमच्या फडताळाची उरलेली दारे मागच्या अंगणात नेऊन ओली घासली. रंगारी तोच होता. त्याला आम्ही हा सारा इतिहास सांगितला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, हे कोणी आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. विट्रूव्हिअसपासून गिब्सनपर्यंत सर्वांनी सांगितले होते. ते फक्त त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते पोहोचविणे हेच अशा व्याख्यानमालांचे काम आहे असे आम्ही समजतो. आज येथून घरी गेल्यावर आपापले फडताळ एकदा नीट पाहावे, आणि रंगारी लावाल तेव्हा ही गोष्ट त्याच्या कानावर घालावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.